गुरुवारचे बोंबील

निपाणीत वास लपवायचा
म्हणजे वखारीत चिमूट लपवण्यासारखं,
असं मला वाटायचं.
हंगामात अख्खं गाव शिंकतं.
एसटीतून उतरलेला पाहुणा आधी शिंकतो,
मग पत्ता विचारतो.
तंबाखूची धूळ शाळेच्या फळ्यावर,
देवळाच्या कट्ट्यावर, भाकरीच्या पिठात.
त्यात माझा पुडीएवढा वास
कुणाच्या नाकाला लागणार होता?

तरी मी सगळं केलं.
दाराच्या फटीला ओला टॉवेल.
टेबलफॅन खिडकीकडं तोंड करून.
दोन उदबत्त्या, कापराची वडी,
मोसंबीची सालं.
सिद्राय आत आला आणि म्हणाला,
लेका, मयत कुणाचं झालंय?

देवाला कधी हात न जोडणारा मी
रोज तिन्हीसांजेला उदबत्ती लावतो म्हणून
शेजारची निंगव्वा आईला म्हणाली,
निम्म मग भाळ चलो अदान, अक्का.
आई विड्या वळत होती.
हातातलं पान कातरून झालं,
दोरा गुंडाळून झाला,
मग म्हणाली, व्हय.

निंगव्वाच्या भाषेत वासाला वासनी म्हणतात.
एकदा बोळात थांबून तिनं नाक वर केलं:
इदेनु वासनी?
मी खिडकीआड, धूर तोंडातच.
ती विचारत होती, हा कसला वास.
मला ऐकू आलं, ही कसली वासना.
दोन्हीचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आई एकतीस वर्षं विड्या वळते.
मांडीवर सूप. डोळे मिटून सांगते
जर्दा अकोळचा की बेनाडीचा,
वाळताना त्यावर पाऊस पडला होता की नाही.
त्या नाकापासून चार हातांवर
मी मोसंबी सोलत होतो.

मामा संकेश्वर ठाण्यात हवालदार.
न सांगता आला. वर्दीतच.
मी खोलीत, टॉवेल अजून ओला,
पंखा खिडकीकडं बघत गरगरतोय.
मामा दारात बूट काढत होता,
एक निघाला होता, एक राहिला होता,
तेवढ्यात आईनं सूप खाली ठेवलं,
फळीवरचा डबा काढला
आणि तापल्या तव्यावर सुके बोंबील टाकले.
तेल नाही, मीठ नाही,
नुसतेच, करपेपर्यंत.
बोळातली मांजरं पत्र्यावर गोळा झाली.

"ताई, आज गुरुवार न्हवं?"

वीस वर्षं तिनं गुरुवारी
घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नव्हतं.
वर भिंतीवर वाडीचे दत्त,
खाली बोंबील तडतडतायत.
"गुरुवार माझा हाय.
तुला भूक लागली असंल. बस."

मामा जेवला. बदलीचं बोलला,
थोरलीच्या स्थळाचं, साहेबाच्या शिव्यांचं.
जाताना माझ्या दाराशी थांबला.
नाक चोळलं.
माझ्या पोटात गोळा.
मामा शिंकला.
"ह्या गावची धूळ, बाबा,"
म्हणाला, आणि गेला.

रात्री आईनं मोरीत
डोक्यावरून गार पाणी घेतलं.
तांब्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.
फोटोपुढं काही बोललीही असेल,
मला नीट ऐकू आलं नाही.
मग माझ्या खोलीशी आली.
मी झोपेचं सोंग घेतलेलं.
वाकली, फटीतला टॉवेल उचलला, पिळला.
"ह्यो अंग पुसायचा हाय, रावसाब."
एवढंच.

सोडलं का?
खरं सांगायचं तर, लगेच नाही.
कमी झालं, पुन्हा वाढलं,
सिद्राय पुण्याला गेला तेव्हा बरंच कमी झालं.
पण उदबत्ती मात्र
त्या रात्रीपासून बंद.

महिन्याभरानं निंगव्वा
आईच्या कानाशी लागली, आवाज खाली आणून,
आमच्या मराठीत, तिच्या हेलात:
पोरगा बिघडला काय गं, अक्का?