सहावं मिनिट

पहाटे तीनला भट्टी पेटवते मी.
मातीच्या पोटात कमरेपर्यंत वाकून, एक पाय हवेत,
आतल्या भिंतीवर पाव थापायचे.
तेलावीत हे माझ्याइतकं झटपट कुणाला जमत नाही.
भाऊ याच वेळेला घरी यायचा.
मिंदिया. चौऱ्याहत्तर किलो.
पिंढऱ्या अशा की शिंप्याने विजारीचे पैसे जास्त घ्यावेत,
आणि शर्टाला कुणाच्या तरी लग्नाचा धूर.

नाही म्हणणार कसं?
आमच्याकडे मेजावर एकजण उठतो, पेला उंचावतो
गेलेल्यांच्या नावाने, अजून न जन्मलेल्यांच्या नावाने,
द्राक्षवेलीच्या, पाहुण्याच्या, पाहुण्याच्या गाढवाच्यासुद्धा.
पेला अर्धा ठेवणं म्हणजे मेलेल्या आजोबांना
दारातून परत पाठवणं.
मिंदियाने कधी कुणाला परत पाठवलं नाही.

मार्चमध्ये रुस्तावीला कुस्ती.
पाच मिनिटं समोरच्याला मॅटवर उभं राहायला जागा नव्हती.
सहाव्यात मिंदियाचं तोंड उघडलं.
वरच्या बाकावरून मला ते ओळखीचं वाटलं:
भट्टीचं तोंड. लाल, हवा ओढणारं,
आत सरपण संपलेलं.
एक साधा एकेरी पट,
पोरं पहिल्या वर्षी शिकतात तो,
आणि माझ्या भावाने अस्मान पाहिलं.

जुंबेर वस्ताद ओरडले नाहीत.
परतीच्या मिनिबसमध्ये त्याच्या पाठीवर तळहात ठेवून
श्वास मोजत बसले, पार गुरजानीपर्यंत.
उतरताना म्हणाले, "तुझे हातपाय मी घडवीन.
तुझी झोप तुझी. तिथे मला शिरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी फ्रिजला वही लटकली,
आईने पुठ्ठ्याला भोक पाडून लोकर ओवलेली.
नऊ दहा: झोपला.
नऊ चाळीस: खोटं, दिवा चालू होता (हे अक्षर माझं).
सकाळची नाडी चौसष्ट. मेमध्ये अठ्ठावन्न. मग चोपन्न.
खिंकाली सात. पूर्वी वीस.
सिगरेट एक, गिरवून खोडलेली,
उजेडात धरली की वाचता येणारी.

सप्टेंबरात द्राक्षं उतरली. अंगणात मेजं लागली.
ओतारमामाने पेला पुढे केला.
मिंदियाने घेतला, संपवला, उलटा करून दाखवला.
डाळिंबाचा रस होता. आईचा हात.
मामाला कळलं. मग सगळ्यांनाच.
"आजोबांना काय सांगू?" मामाने विचारलं.
"सांगा, नोव्हेंबरात कुस्ती आहे."
कुणी हसलं. मामा नाही हसला.
उरलेली रात्र तो त्याच्याशी बोलला नाही,
आणि मिंदिया पावाची एकच कड
चार तास कुरतडत बसला.

नोव्हेंबरात तो हरला. आधीच सांगून टाकते.
एका गुणाने. कुताईसीचा तो पोरगा खरंच चांगला होता.
पण सहावं मिनिट!
सहाव्या मिनिटात माझा भाऊ विचार करत होता.
डाव सुचत होता आणि पाय ऐकत होते.
पंचाने दुसऱ्याचा हात वर केला
तेव्हा मिंदियाचं तोंड मिटलेलं,
आपल्याच ओट्यावर बसल्यासारखा
नाकाने श्वास घेत होता तो.
वस्तादांनी लांबूनच मला सहा बोटं दाखवली.

बाहेर पडायला जिना होता. बावीस पायऱ्या.
अकराव्या पायरीवर मी कठडा धरला.
नऊ वर्षं पहाटे तीन.
भट्टीच्या दारात सिगरेट, उभ्याने कॉफी,
जळक्या पावाचे तुकडे हेच जेवण,
आणि तो नऊला झोपावा म्हणून
त्याच्या वाटणीची लाकडंही मीच फोडत होते.
वहीत माझं पान नव्हतं.

मिंदिया दोन पायऱ्या मागे आला.
माझ्या पाठीवर तळहात ठेवला
आणि मोजू लागला.
तीसपर्यंत मोजू दिलं.
मग म्हटलं, पुरे.
रविवारी भट्टी कोण पेटवणार, ते ठरव.