कामून

सेलू ठाण्याच्या मागल्या खोलीत, मुद्देमाल ठेवतात तिथं,
एक बल्ब, एक पाल, आणि मी,
महिला हवालदार, बक्कल नंबर अकराशे चौदा,
खात्याच्या परीक्षेसाठी गुन्हेगारीशास्त्र पाठ करते.
जिनिंगचा भोंगा होऊन गेला.
हवेत सरकीचा वास. कूलरात पाणी नाही.

पुस्तक म्हणतं, परमुलखात एक डॉक्टर होता,
मेलेल्या कैद्यांच्या कवट्या मोजायचा.
जबडा थोराड, कान पसरट, की माणूस जन्माचाच चोर.
मी उठून आरशात माझे कान बघितले.
आरसाही मुद्देमालच.
गुन्हा रजिस्टर नंबर चव्वेचाळीस, घरफोडी.

पुढलं पान म्हणतं, माणूस हिशेब करतो:
मिळणार किती, सापडलो तर जाणार किती.
कोपऱ्यात पाणबुडी मोटर पडलीय, पोट फाडलेली.
तांब्याची तार निघाली साडेतीन किलो,
भंगारवाल्यानं हातावर ठेवले नऊशे.
अच्युतला विचारलं, हिशेब केलता का रे?
म्हणला, मॅडम, हिशेब येत असता
तर नऊशेत दिली असती का?

मग येतं स्वप्नाचं आणि शिडीचं प्रकरण.
ते मला स्टँडवरच्या फ्लेक्सवर जास्त कळतं:
दादांचा वाढदिवस, गॉगल, पांढरी गाडी,
खाली शुभेच्छुकांच्या बारक्या फोटोंत
शेवटच्या ओळीत, डावीकडून तिसरा, अच्युत.
त्या जागेचे पाचशे पडतात म्हणे.

चोरी संगतीनं शिकतात, बोली शिकावी तशी.
खरंय. मोटर खोलायला शिकवलं खलीलचाचानं,
रिवाइंडिंगच्या दुकानात, तीन वर्षं, बिनपगारी.
चाचा पाच वक्ताचा नमाजी.
त्यानं फक्त वाइंडिंग शिकवलं होतं.

सावज, शिकारी, आणि नसलेला राखणदार,
तिन्ही एका जागी आले की गुन्हा घडतो.
त्या रात्री लाइट आली साडेबाराला
आणि राखणदार गावात, लग्नाच्या पंगतीत,
आग्रह करकरून बुंदी वाढत होता.

पायरीवर गिरजाबाई बसलीय कवाची,
मांडीवर पिठल्याचा डबा.
काल मला म्हणली, बाई,
थोरलं बी ह्याच घरात, ह्याच ताटात जेवलं.
ते एसटीत कंडक्टर झालं.
मग ह्यानंच कामून?
मी अनुक्रमणिका दोनदा बघितली.
कामून नव्हतं.

पान एकशे बारा. चिठ्ठी.
हे मात्र माझ्या रोजच्या कामातलं.
वस्तूला सुतळी बांधायची, लाख लावायची,
मग ती वस्तू राहत नाही, नंबर होते.
अच्युत अकरा वर्षांचा होता तेव्हा सायकलचा पंप.
त्यानंतर गावात कोंबडी हरवली
तरी जीप आधी त्याच्या दारात.
मीच दोनदा गेलेय त्या जीपमध्ये.

आणि मी सातवीत असताना, वसतिगृहात,
कमल दुधाटेची कंपासपेटी, पिवळी, कोरी,
माझ्या उशीच्या अभ्र्यात निघाली.
इंगोले बाईंच्या हाताला लागली.
बाईंनी ती पदराखाली घेतली,
कमलच्या दप्तरात सारली,
आणि मला म्हणाल्या, जा, जेवणाची घंटा दे.
मी घंटा दिली. फार वेळ दिली.
बाईंनी यातलं एकही पान वाचलं नसावं.
वाचलं असतं तर विचारलं असतं कदाचित.
मग कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

उद्या पेपर. गुन्ह्याची कारणे विशद करा, गुण दहा.
लिहीन सगळी, ठळक मुद्द्यांसह.
कवट्यांचे दोन गुण तरी मिळतील.

मोटरीची चिठ्ठी उंदरानं कुरतडलीय.
नवी करायला हवी.
नंबर, तारीख, कलम, वस्तूचं वर्णन,
कोणाकडून जप्त.
तिथं नाव लिहिताना पेन अडतो थोडा,
शाई वाळलीय, झटकून बघते.

बाहेर गिरजाबाई डब्याचं झाकण उघडते,
वास घेते,
परत लावते.