सव्वा बोट जागा

अंबड लिंक रोडला, सॅम्युएल मिस्त्रीच्या शेडमध्ये
द्राक्षांच्या दोन खोक्यांतून आले दोन टर्बो,
थॉमसनच्या कागदी कात्रणात गुंडाळलेले.
एक सोललेल्या नारळाएवढा,
दुसरा न सोललेल्या.

शलाका म्हणाली, बाबा, तुमचा व्हर्नियर आणा.

एकतीस वर्षं सातपूरला मी दुसऱ्यांच्या मालावर
पास-नापासचे शिक्के मारले,
घरात माझं माप कुणी मागितलं नव्हतं.
पेटी उघडली. मखमलीत त्याची जागा तशीच खोल.

लहान्याचं चाक : चव्वेचाळीस पूर्णांक शून्य दोन.
मोठ्याचं : साठाला पाच शंभरांश कमी.
दोनदा मोजलं. पात्यांवर जबडा हलकाच टेकवला,
डोळ्याच्या डॉक्टरनं पापणी उचलावी तसा.
फरक एका बोटाचा.
त्या बोटात, मिस्त्री म्हणतो, दीडशे घोडे बसतात.

लहान्याला दोन हजार फेऱ्यांना जाग येते,
हाक मारायच्या आधी ओ देतो.
पण साडेपाच हजाराला धाप लागते त्याला,
मग नुसती गरम हवा.
मोठा चार हजारांपर्यंत ढिम्म.
पाय दाबा. वाट बघा. अजून बघा.
आणि मग पाठीत लाथ.
"जावई आहे तो," मिस्त्री म्हणाला,
"मानपान झाल्याशिवाय पाटावर बसायचा नाही."

मी दोन्हींचे दांडे चिमटीत धरून हलवले.
आडवी हालचाल किंचित, उभी शून्य.
दोन्ही पास.

मग बसवून बघणं आलं.
लहान्याचे चार बोल्ट जुन्या घरी परतल्यासारखे गेले.
मोठ्याची भोकं जुळेनात.
मध्ये दहा मिलिमीटरची पट्टी घालावी
तर तो पुढे सरकून पंख्याला भिडतो,
फिरवावा तर ब्रेकच्या सिलिंडरला खेटतो.
शेवटी एका तिरक्या कोनात, तिघांनी श्वास रोखल्यावर,
रेडिएटर आणि त्याच्यामध्ये उरली
सव्वा बोट जागा.
माझंच बोट घालून पाहिलं.
तिथे लोखंड लाल होणार, आणि शेजारून वायर जाते.

आणि तेल.
वरून ते दाबानं येतं,
पण परत जाताना त्याला कुणी ढकलत नाही.
उतार लागतो, बस्स. बाकी काही नाही.
मोठ्याच्या पोटाखालची नळी आडवी पडत होती.
आडव्या नळीत तेल थबकतं,
थबकलं की सीलमधून झिरपतं,
मागच्या गाडीला निळा धूर.

"घाटात सरळ रस्ता असतो तरी किती?" शलाकानं विचारलं.
डिसेंबरात पेठ रोडला स्पर्धा, रस्ता बंद करून.
सावळघाटात दोन वळणांमध्ये
मोजून दोनशे पावलं.
तेवढ्यात मोठा नुसता आळस देईल.
"लहानच," ती म्हणाली.
मिस्त्रीनं मान डोलावली, पाना उचलला.

आणि मी म्हणालो, मोठा.

कुणी विचारलं नव्हतं.
सिन्नरच्या बाजूला रस्ता कसा सरळ आहे,
पट्टी मी घरी कोरून देईन,
वायरला सिरॅमिकची पिशवी, नळीला थोडा बाक...
मीच ऐकत होतो माझं बोलणं.
मिस्त्री पान्याकडे बघत राहिला.
"बाबा, तुम्ही कधी साठच्या वर गेलाय?"
स्कूटर तेवढी जात नव्हती, मी म्हणालो.
ती हसली, मग हसायची थांबली.

लहानच बसला. पहिल्यांदा चालू झाला तेव्हा
शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, एवढंच.

मोठा मंगळवारी परत जायचा आहे.
तोवर माझ्या खिडकीत, खोक्याच्या झाकणावर.
रात्री फुंकर मारली की चाक फिरतं,
सात मोजेपर्यंत फिरतं. आवाज करत नाही.
काल उलट्या बाजूनं हात घातला,
धूर जातो त्या बाजूनं.
जुनी काजळी होती कुणाच्या तरी गाडीची.
बोट काळं झालं.
साबणानं धुतलं, मग राखेनं.
आज व्हर्नियर पुसून ठेवताना पाहिलं,
मखमलीवर एक ठसा.