आठशे बारा, चारशे चाळीस

पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य.
तिथून उजवीकडे मोजायचं, मग खाली.
खाली जाताना आकडा वाढतो,
हे शालनताई बोरस्त्यांना कधी पटलं नाही.
"खाली गेलं की कमी व्हायला पाहिजे.
पारा बघ. निफाडला विचार."

दिंडोरी रोडच्या आमच्या लॅबमध्ये
जानेवारीपासून द्राक्षं यायची,
खायला नाही, तपासायला.
दर नमुन्याला एक फॉर्म, दर फॉर्मला एकोणीस क्लिक,
आणि फॉर्म असा हट्टी
की कीबोर्डला हिंग लावूनही विचारायचा नाही.
ताईंनी अकरा हंगाम त्यावर मनगट झिजवलं.
डाव्या हाताने उजवं दाबत म्हणायच्या,
"चालायचं. गंगेला पाणी आहे तोवर चालायचं."

शेवटच्या हंगामात मी त्यांच्या मशीनवर
लिनक्सच्या काळ्या खिडकीत चार ओळी लिहिल्या.
बाण इथे ने. क्लिक कर. थांब. पुढे ने.
बाण उडाला,
मधली वाट न चालता थेट पुढच्या रकान्यात.
एवढ्या घाईतला क्लिक फॉर्मला दिसेचना.
सतरावा रकाना रिकामा, सगळी रांग एक घर सरकलेली,
मखमलाबादचा अहवाल मोहाडीच्या नावावर.
गायधनी सर दिवसभर बोलले नाहीत, यावरून काय ते समजा.
इरफान कोकणी म्हणाला,
"अरे, माणसासारखं चालव ना त्याला."

म्हणून ताईंना म्हटलं, एक फॉर्म भरा, रोजच्यासारखा.
त्यांना सांगूनच
बाणाची जागा टिपत गेलो, सेकंदाला वीस वेळा.
आकड्यांच्या दोन उभ्या रांगा, बाकी काही नाही.
एकतीस मार्चला नारळ, घड्याळ, शाल
(शालनला शाल, हे इरफानचं),
आणि ताई सिन्नरला मुलीकडे गेल्या.

पुढच्या जानेवारीत खुर्ची रिकामी
आणि पडद्यावर बाण चालतोय.
जरा तिरका. रकान्याच्या पुढे जातो, मागे येतो,
चष्मा घरी विसरलेल्या बाईसारखा.
आणि 'जमा करा'च्या बटणापाशी,
आठशे बारा, चारशे चाळीस,
थबकतो.
एक फेरी घेतो. अजून एक.
मग क्लिक.

मला वाटायचं, हीच ती त्यांची काळजी.
अकरा हंगामांत एक अहवाल चुकला नाही
तो या दोन फेऱ्यांमुळे.
गायधनी सरांनी हिशोब मांडला :
फेरीला तीन सेकंद, दिवसाला दोनशे चाळीस फॉर्म,
चोवीस मिनिटं पाण्यात.
मी म्हटलं, फॉर्मला तेवढा वेळ लागतोच, सर.
खोटं होतं. त्याला अर्धा सेकंद पुरायचा.

फेब्रुवारीत ताई आल्या, तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन.
मी त्यांना बसवलं, दाखवलं.
बघत राहिल्या. एक फॉर्म, दोन फॉर्म.
मी पाण्याचा ग्लास जवळ सरकवून ठेवला,
उगाच, लागला तर.
म्हणाल्या, "त्या दिवशी काचेवर माशी होती रे.
बटणाच्या शेजारीच.
तिला हाकलत होते."

इरफानच्या हातून चहा सांडला.
मीही हसलो. बऱ्यापैकी उशिरा.

आता नवं मशीन आहे, त्यावर नवं लिनक्स.
तिथे स्क्रिप्टला बाण हलवायची मुभा नाही.
चालवली तर चूक दाखवत नाही,
काहीच म्हणत नाही,
बाण असतो तिथे असतो.
फॉर्मही सुधारला, कीबोर्डने भरतो.

जुनं मशीन मी टेबलाखाली ठेवलंय.
पॅकहाऊसच्या शेवटच्या गाड्या गेल्या,
लॅबमध्ये फ्रीजचा आवाज तेवढा उरला
की कधीतरी लावतो.
बाण निघतो, तिरका, एकोणीस रकाने फिरतो,
बटणापाशी येऊन
माशी हाकलतो.
दुसऱ्या फेरीला ती उडत असावी,
कारण मग क्लिक होतो.