आखूड दोरा

पहिल्या दिवशी मुल्लाणी मॅडमनी वही दिली.
पाठ किती वाजता टेकली, डोळा कधी लागला,
मधे कितीदा उठलात, सगळं लिहायचं.
म्हटलं, पेन धरवत नाही ओ मला.
म्हणाल्या, टिंबं काढा की मग.

तीस वर्षं गुजरीत साज गाठला मी.
चंद्र, कारलं, मासा, शंख,
दोन पानांमधे लाखेचा मणी,
दोरा दातात ताणून धरायचा.
आता सकाळची बोटं
कुणाकडून तरी उसनी आणल्यागत,
नऊ वाजेपर्यंत मिटत नाहीत.

आणि रात्री अंथरूण म्हणजे दुकानच.
दुखणं गिऱ्हाईकासारखं मांडी घालून बसायचं,
सगळा माल काढायला लावायचं,
घ्यायचं काहीच नाही.

नवाला आडवी, सातला उठायचे.
टिंबं मोजली तर झोप पाच तासांची,
तीही तुकड्यातुकड्यांनी.

मॅडम म्हणाल्या, बाराच्या आत अंथरुणाला शिवायचं नाही.
साडेपाचला उठायचं, झोप लागो न लागो.
झोप येईना म्हणून गेलेल्या बाईला
जागं राहायला सांगतात!
अभिजित म्हणाला, आई, नाद खुळा डॉक्टर हाय.

पहिला आठवडा.
तालमीतली पोरं पांगली, समोरचं शटर पडलं,
मी स्वयंपाकघरात मसूर निवडत बसलेली,
एकेक दाणा, सुजल्या पेरांनी,
मॅडमना शिव्या देत,
शनिवारच्या गोळीला, बाराच्या काट्याला.
डोळा लागला नाही तर पुन्हा उठायचं.
घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलंय,
शाळेतल्या दांडगट पोरासारखं.

काळजीलाही वेळ नेमून दिली:
संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून करते.
बोटं पार वाकली तर? सुनेला मीच भरवायला लागले तर?
पावणेसहाला पदर झटकते,
उरलेल्यांना सांगते, उद्या या.
येतात त्या रात्रीच,
पण दाराशी चपला काढून, जरा ओशाळून.

सहाव्या आठवड्यात एकदा
अंबाबाईच्या घंटेनं जाग आली
आणि मधली रात्र आठवेना.
घाबरलेच मी. कुठं गेली?

दुखणं आहे. मूठ अजून उघडीच.
मॅडमना म्हटलं, आमच्यात असंच असतंय,
मणी थोडके आणि दोरा लांब
की माळ ओघळते, मणी कुठंही पळतात.
आम्ही दोराच आखूड घ्यायचो.
त्यांनी ते त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

मग टिंबं बघून म्हणाल्या,
सोमवारपासून पावणेबारा.

पंधरा मिनिटं!
मंगळवार पेठेपर्यंत चालत आणली,
मूठ मिटत नाही म्हणून
तशीच, उघड्या तळहातावर.