न सुधारलेल्या चार सऱ्या

मार्चात आमच्या रानावर मीठ फुटतं.
लांबून बघावं तर
कुणाच्या हातून रांगोळी सांडल्यासारखं;
जवळ गेलं की पायाखाली कुरकुरतं,
आणि उसाची पानं टोकाकडनं जळत येतात.

आप्पा म्हणायचे, पाणी कमी पडलं.
काकांचं म्हणणं, पाणी जास्त झालं.
गुऱ्हाळावरचा सातगोंडा म्हणाला,
मगदुमांचा गूळ खारट लागतोय अलीकडं,
आणि त्यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

मी नऊ पिशव्या भरल्या.
तीन जागा; वीतभर खोल, हातभर खोल, कमरेइतकं खोल.
प्रत्येकीत पेन्सिलीची चिठ्ठी.
शिरोळहून कोल्हापूरला एसटीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टरनं पिशवी चाचपली,
"माती? कुठल्या तालमीला गं?"

अहवालातले आकडे
ना आप्पांच्या बाजूचे, ना काकांच्या.
वरची माती आजारी. खालची जास्त.

मग चर खणले, छिद्रांचे पाइप पुरले,
जाळीचं कापड गुंडाळून, ओढ्याकडं उतार धरून.
आणि मी म्हटलं,
पूर्वेच्या चार सऱ्या आहेत तशा ठेवायच्या.
आप्पा खुरपं टाकून उठले.
"घरात सगळी लेकरं तापानं फणफणली
तर एकाला बिनऔषधाचं ठेवतीस व्हय?"

पुस्तकातलं उत्तर पाठ होतं.
ते तोंडात आलं नाही.
म्हटलं, आप्पा, समजा ऊस चांगला आला,
आणि यंदा पाऊसही बेताचा पडला,
तर गुण पाइपाचा का पावसाचा?
ते बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्या चार सऱ्यांच्या कडेनं
बाभळीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या.

पहिल्या वर्षी फरक काही नाही.
दुसऱ्या वर्षी कृष्णा आत आली,
नऊ दिवस राहिली, खुंट्या घेऊन गेली.
वही माळ्यावर होती, वाचली.
त्या पानावर मी लिहिलंय, "कळलं नाही."
काकांनी चष्मा लावून वाचलं.
"एवढं लिवायला बी.एस्सी. लागली?"
लागली, काका.
त्याआधी मला सगळंच कळत होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाइपाच्या तोंडाशी
मीटर बुडवला. आकडा चढत गेला,
थांबला, परत चढला.
रानातलं मीठ ओढ्याच्या वाटेला लागलं होतं.
आप्पांनी त्याच पाण्यात बोट बुडवलं,
जिभेला लावलं, थुंकले.
"बरोबर हाय तुझं यंत्र."

(ओढ्याच्या खाली कुणाची रानं आहेत
हे त्या दिवशी दोघांपैकी कुणीच काढलं नाही.
पुढच्या पानावर तो प्रश्न आहे.
उत्तराची जागा मोकळी.)

चौथ्या वर्षी तोडणीला
चार सऱ्यांची मोळी वेगळी बांधायला लावली.
मुकादम कावला, कोयते थांबले,
आप्पा स्वतः काट्यापाशी उभे राहिले.
इकडं गुंठ्याला टन. तिकडं जेमतेम अर्धा.
ते दोन आकडे आप्पांनी मला
दोनदा वाचायला लावले.

मी म्हटलं, आता त्या चारांनाही पाइप घालू.
ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.
"दोघींना घाल.
दोन ऱ्हाऊंदेत.
उद्या कुणी इचारलं तर दाखवाय काय पायजे?"

आता मार्चात दोनच सऱ्या पांढऱ्या होतात.
पाणी पाजताना आप्पा त्यांच्यापाशी
बाकीच्यांपेक्षा जरा जास्त थांबतात.
त्यांना वाटतं, मी बघत नाही.
मी तेही वहीत लिहिते,
तारीख घालून, मिनिटांसकट.