हौदातला टेक

सत्तावीस चादरी टांगल्या भिंतींवर,
सगळ्या डागी, धागा सुटलेल्या.
बोम्माशेठनं मोजून दिल्या, मोजून घेणार होता.
मोरावर मोर, मोरावर मोर,
आणि पत्र्याच्या शेडमधला खणखणाट
हळूहळू सुताच्या पोटात गेला.

पूर्व भाग, मे महिना, शहाऐंशी साल.
सुट्टीची रात्र, म्हणून माग गप्प.

ड्रमवर अंबादास येमुल. दिवसा तो
चार माग एकटा सांभाळायचा,
तेव्हा दोन हात दोन पाय चार दिशांना पाठवणं
त्याला कुणी शिकवायला लागलं नाही.
पेडलचा पट्टा तुटला,
तर मागाचं चामडं कापून बसवलं पठ्ठ्यानं.
दुसऱ्या गाण्यात ठेक्याच्या किंचित आधी
बारीक 'चट्ट' येतं ना,
ते चामडं.

गिटार इम्मानुएल रणभिसेनं चर्चमधून आणलेली,
रविवार सकाळपर्यंत.
पाद्रीसाहेबांना सांगितलं, भजनाची प्रॅक्टिस.
बेसवर चन्नवीर, कडक भाकरीसारखा माणूस,
मोडेल, वाकणार नाही:
एकच सूर सात मिनिटं धरून बसला.

राहिला मकबूल.
त्याचा आवाज माझ्या स्पूलला झेपेना.
लग्नाच्या मांडवात कर्णे बांधणारा मी,
काटा लालमध्ये गेला की मलाच घाम.
आणि वर कोरडा,
तेलाशिवायच्या शेंगाचटणीसारखा.
मोठ्या स्टुडिओत म्हणे
आवाज घुमवायला वेगळी खोली असते.
आमच्याकडे हौद होता.
मागच्या अंगणात, सूत रंगवायचा, पुरुषभर खोल,
पाच दिवस नळ नाही म्हणून ठणठणीत,
तळाला निळ्या रंगाची खपली.

"उतर की बे," मी म्हणालो.

तिसरा टेक. रात्रीचे अडीच.
आधी नळ खोकला.
मग लांब शिट्टी, पाइपातली हवा.
मग पाणी.

मी हात वर केला, थांबा, बंद करा.
नळाशेजारीच झोपलेली नरसम्मा उठून बसली.
"तोटीला हात लावशील तर बघ.
पाच दिवसांनी यायलंय.
गाणं काय, उद्या पण येतंय."

मकबूल थांबला नाही.
घोटा. नडगी. गुडघा.
काठावर मी पालथा, माइकची वायर दातात,
(वीज आणि पाणी, हे तेव्हा सुचलंच नाही,
आता जेवताना मधेच आठवतं)
आणि पाणी चढलं तसा
हौद लहान होत गेला,
घुमारा आखडत गेला,
शेवटच्या कडव्यात आवाज कानाशी आला,
जसं कुणी गल्लीच्या टोकापासून हाका मारत यावं
आणि शेजारी बसून हळू बोलावं.

मध्यंतरी पुण्याहून दोन पोरं आली,
कॅसेट घेऊन. शेवट असा कसा केला?
कुठलं मशीन?
म्हटलं, नगरपालिकेचं.
त्यांनी लिहून घेतलं.

पहाटे घागरी भरल्या, हंडे भरले,
शेजारणीनं ड्रमचा एक पिंपही पळवला,
तो अंबादासनं परत आणला, ओला.
बोम्माशेठ चादरी मोजायला बसला.
सव्वीस.
परत मोजल्या. सव्वीस.

सत्ताविसावी पांघरून मकबूल
ओट्यावर कुडकुडत होता, मे महिन्यात,
गुडघ्यापर्यंत निळा.
तो रंग आठवडाभर गेला नाही.
चादरीचे बासष्ट रुपये
बोम्माच्या वहीत अजून माझ्या नावावर असतील.